सरकारी पगारावर जगणारे शहर : लखनौ, १७७५ ते आज

या पाठात आपण एका शहराला एक साधा प्रश्न विचारणार आहोत : इथे बाहेरून पैसा येतो कुठून? इचलकरंजीला तो कापडातून येतो, नाशिकला द्राक्षे-कांद्यातून आणि कारखान्यांतून. लखनौला मात्र सुमारे अडीचशे वर्षे तो मोठ्या प्रमाणात सरकारी तिजोरीतून येत आला आहे. ही तिजोरी आधी नवाबाची होती, मग ब्रिटिशांची झाली आणि आता लोकनियुक्त सरकारची आहे.

आधी एक संकल्पना समजून घ्या. कारकुनाचा पगार त्याच्याच खिशात राहत नाही. तो घरमालक, किराणा दुकानदार, दूधवाला, शिंपी, शिकवणीचे मास्तर यांच्याकडे जातो आणि तेही तो पुढे खर्च करतात. अर्थशास्त्रात याला गुणक परिणाम म्हणतात. हे चाक उलटेही फिरते. एक पगार थांबला की त्यावर चालणारी अनेक लहान उत्पन्ने आटतात.

१. दरबार हाच मोठा मालक

१७७५ मध्ये नवाब असफउद्दौला यांनी अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला आणली. राजधानीबरोबर सैन्य, कारकून, हकीम, गवई, आचारी, जरीकाम व चिकन भरतकाम करणारे कारागीरही आले. १७८४ च्या दुष्काळात बडा इमामबाड्याचे बांधकाम सुरू झाले. लोकांच्या हाताला काम मिळावे हा त्यामागचा एक हेतू होता, असे परंपरा सांगते. आजच्या भाषेत ही रोजगार हमीच म्हणता येईल.

२. १८५६ : मालक गेला

फेब्रुवारी १८५६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अवध खालसा केले. नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला गेले. सैन्य मोडल्यामुळे हजारो सैनिक आणि दरबारी नोकर बेकार झाले. दुसऱ्या वर्षीच्या उठावाला अवधमध्ये इतका पाठिंबा मिळाला, त्यात या बेकारीचाही वाटा होता.

उरलेल्यांनी काय केले? त्यांनी धरलेल्या तीन वाटा लक्षात ठेवा.

पहिली वाट म्हणजे आश्रयदात्याच्या मागे जाणे. कलकत्त्याजवळ मटियाबुर्ज येथे नवाबाभोवती लहानसे लखनौ वसले. पण १८८७ मध्ये नवाबाचे निधन झाले आणि तो आश्रयही संपला.

दुसरी वाट निवृत्तिवेतनाची. नवाब गाजीउद्दीन हैदर आणि त्यांच्या वारसांनी कंपनीला मोठी कर्जे दिली होती. त्यांच्या व्याजातून नवाबाचे नातलग व आश्रित यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘वसिका’ मिळेल, असा करार होता. इथे मराठी इतिहासाशी तुलना करून पाहा. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावाला बिठूरमध्ये वर्षाला आठ लाख रुपये मिळत, पण १८५१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर कंपनीने ते नानासाहेबांना नाकारले. वसिका मात्र चालू राहिला. तो वारसांत वाटला जात राहिला आणि आज अनेकांच्या वाट्याला महिन्याला मोजके रुपयेच येतात. हक्क टिकला, पण त्यावर घर चालेना.

तिसरी वाट बाजाराची. दरबार गेल्यावर चिकनकारीने नवे गिऱ्हाईक शोधले. कला टिकली, पण तिची किंमत कोणी मोजली हे पाहायला हवे. बारीक, वेळखाऊ टाक्यांच्या जागी स्वस्त, झटपट टाके वाढले. काम घरी बसून भरणाऱ्या स्त्रियांकडे गेले आणि नफ्याचा मोठा भाग मधल्या व्यापाऱ्यांकडे राहिला. म्हणूनच १९८४ मध्ये ‘सेवा लखनौ’ ही संस्था स्थापून कारागीर स्त्रियांना संघटित करावे लागले. चिकनला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. मात्र अशा मानांकनाने नावाचे संरक्षण होते. मजुरी आपोआप वाढत नाही.

३. तिजोरी परत आली

१८७७ मध्ये अवधचा कारभार वायव्य प्रांताशी जोडला गेला आणि सत्तेचे केंद्र अलाहाबाद झाले. पुढे वारे फिरले. १९२१ मध्ये लखनौत कौन्सिल हाउसची पायाभरणी झाली, १९२८ मध्ये इमारत खुली झाली आणि प्रांताची राजधानी लखनौला स्थिरावली. लखनौला मिळालेले पगार अलाहाबादने गमावले.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारही मोठा मालक बनले. १९५१ मध्ये केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली, तीही नवाबांच्या छत्तर मंझिल या राजवाड्यात. पुढे रेल्वेची संशोधन संस्था आली, हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग आला. १९७२ मध्ये स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि तिने इटलीतील लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेतली.

स्कूटर्स इंडियाचा शेवट अभ्यासण्यासारखा आहे. खासगी कंपन्यांच्या स्पर्धेत तिच्या स्कूटर मागे पडल्या आणि १९९७ मध्ये दुचाकींचे उत्पादन थांबले. २०२१ मध्ये केंद्राने कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. पण तिच्या ‘विक्रम’ तीनचाकींनी लखनौत आणि इतर शहरांत कितीतरी चालक आणि मेकॅनिकांना पोटापाण्याला लावले. म्हणजे कारखान्याने दोन प्रकारे रोजगार दिला : पगारातून आणि मालातून. पगार संपला तरी मालातून मिळालेले कौशल्य हातात राहिले.

४. आजचा प्रश्न

२०१५ मध्ये उत्तर प्रदेश सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागा निघाल्या. पात्रता होती पाचवी उत्तीर्ण आणि सायकल चालवता येणे. अर्ज आले सुमारे २३ लाख. त्यांत अडीचशेहून अधिक पीएच.डी. धारक होते. २०२४ मध्ये पोलीस शिपायांच्या ६०,२४४ जागांसाठी सुमारे ४८ लाख अर्ज आले आणि पेपरफुटीमुळे परीक्षा पुन्हा घ्यावी लागली.

या तरुणांना आळशी म्हणणे सोपे आहे, पण ते चूक आहे. खासगी कामात पगार कमी आणि उद्याची खात्री नाही, तेव्हा सुरक्षित नोकरीची वाट पाहणे हा त्यांचा हिशेबच असतो. पण लाखो जण वर्षानुवर्षे वाट पाहतात, तेव्हा त्यांच्या उमेदीची वर्षे कोणत्याही उत्पन्नात न दिसता संपतात. पुण्यातील अभ्यासिकांत बसणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे.

लखनौचा इतिहास सरकारी नोकरी वाईट आहे असे सांगत नाही. पगार येत असतो त्या काळातच बाहेर विकता येईल असे कौशल्य आणि त्या कौशल्याला योग्य मोबदला शहराने उभा केला पाहिजे, हे तो सांगतो. मालक गेल्यावर ते करायला लागले, तर किंमत सर्वांत दुबळे हात मोजतात.

स्वाध्याय

१. वसिका आणि चिकनकारी यांपैकी कोणती वाट अधिक टिकाऊ ठरली? कोणासाठी?
२. तुमच्या गावातील सर्वांत मोठे सरकारी कार्यालय उद्या हलले, तर कोणते दहा व्यवसाय आधी अडचणीत येतील? यादी करा आणि त्यांतील दोघांशी बोला.