दिसणारी पाटी, लपलेली पाटी

जुन्या हस्तलिखित पोथीच्या शेवटी पुष्कळदा चार ओळी आढळतात: ग्रंथाचे नाव, शक, तिथी आणि लेखनिकाचे नाव. मजकुराविषयीची ही माहिती, म्हणजे आमच्या धंद्याच्या भाषेत मेटाडेटा, वाचकाच्या डोळ्यांसमोरच असे.

वेबपानाचे तसे झाले नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या नियमांत ‘मेटा’ नावाचा टॅग होता. त्यातला मजकूर पडद्यावर उमटत नाही. तो फक्त यंत्रांसाठी. त्या काळातली काही सर्च इंजिने त्यातील शब्दांवरून पानाचा विषय ठरवू लागली. कल्पना चांगली होती. पण वाचकाला दिसतच नाही, तिथे लाज कोणाची बाळगायची? लोकांनी त्या जागेत एकच शब्द पुन्हापुन्हा भरला, पानाशी संबंध नसलेली नावेही घातली.

१९९८ साली स्टॅनफर्डच्या सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलवरील आपल्या निबंधात नेमके हेच दुखणे सांगितले आणि दुव्यांवर व दुव्यांच्या दिसणाऱ्या शब्दांवर भर दिला. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीरच केले की, पानांचा क्रम लावताना ‘कीवर्ड्‌स’चा मेटा टॅग आपण विचारात घेत नाही.

लबाडीचे सोडा; साधा विसरही तितकाच महाग पडतो. आमच्या मंडळाचे पान काही वर्षे मी सांभाळत असे. एका वर्षी गणेशोत्सवाची जागा बदलली. पानावरचा पत्ता मी त्याच रात्री बदलला. लपलेल्या वर्णनातला तसाच राहिला. सर्च इंजिनच्या यादीत मात्र तेच वर्णन दिसे. नुकतेच या देशात आलेले एक कुटुंब आजींना घेऊन जुन्या हॉलच्या बंद दाराशी थांबले आणि आरती संपल्यावर पोहोचले. आजी हसून म्हणाल्या, “प्रसाद तरी मिळाला!” मला मात्र तो मोदक गोड लागला नाही.

चूक पानावर असती तर कोणीतरी फोन करून सांगितले असते. २००५ साली पुढे आलेल्या ‘मायक्रोफॉरमॅट्‌स’चे तत्त्व हेच होते: दिसणाऱ्या तारखेलाच आणि पत्त्यालाच अशा खुणा करा, की यंत्रालाही ते वाचता यावेत. दोघांसाठी एकच पाटी.

पडद्यामागची प्रत्येक ओळ टाकून द्यावी असे नाही. लिपीच्या सांकेतिक पद्धतीची ओळ चुकली, तर आपले देवनागरी पान वाचताच येत नाही. पण ती चूक पडद्यावर लगेच दिसते, म्हणून दुरुस्त होते. तारीख, पत्ता आणि नाव मात्र, पोथीसारखे, चारचौघांत असावे.