‘मी म्हणजे जाणीव’ असं निसर्गदत्त महाराज का म्हणत?

विडी ओढणाऱ्या, करारी नजरेच्या एका म्हाताऱ्याचा फोटो आणि शेजारी इंग्रजी वाक्य, असं रील तुम्ही पाहिलं असेल. ते निसर्गदत्त महाराज. मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी, जन्म १८९७ चा, बालपण कोकणातल्या कांदळगावात. मुंबईत त्यांचं विडीचं दुकान होतं आणि खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर ते मराठीतून लोकांशी बोलत. मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांनी त्या ध्वनिमुद्रित संवादांचा इंग्रजी अनुवाद केला. १९७३ साली ‘आय ॲम दॅट’ प्रसिद्ध झालं आणि परदेशी माणसं खेतवाडीचा पत्ता शोधत येऊ लागली.

१९३३ साली ते इंचगिरी संप्रदायाच्या सिद्धरामेश्वर महाराजांना भेटले. गुरूंनी दिलेला अभ्यास साधा होता. ‘मी अमुक’ यातलं ‘अमुक’ सोडायचं आणि नुसत्या ‘मी आहे’ या भानावर थांबायचं.

यामागचा तर्क वेदान्तातला, जुनाच. जे दिसतं ते पाहणारा नव्हे. राग आला हे तुम्हाला कळतं, तो ओसरला हेही कळतं. शरीर लहानाचं मोठं झालं, मतं बदलली, नावापुढे पदव्या लागल्या. हे सगळं ज्याला कळत गेलं, त्याला वेदान्तात साक्षी म्हणतात. तो नव्याने मिळवायचा नसतो, फक्त ओळखायचा असतो.

इथपर्यंत बहुतेक रील्स येतात. महाराज मात्र पुढे जातात. ‘मी आहे’ हे भानसुद्धा गाढ झोपेत मावळतं आणि शरीर असेपर्यंतच टिकतं. मग ते येतं-जातं हे कशाच्या आधारावर? त्या आधाराला ते परब्रह्म म्हणत. इंग्रजी पुस्तकात या दोन पातळ्यांना ‘कॉन्शसनेस’ आणि ‘अवेअरनेस’ असे वेगळे शब्द आहेत. मराठीत दोन्हींना सरसकट ‘जाणीव’ म्हटलं की घोटाळा होतो. (आमच्या शीर्षकातही तो आहेच!)

दुसरा घोटाळा जास्त महागात पडतो. ‘मी शरीर नाही, मन नाही’ हे ऐकून कुणी औषधं बंद करतं, कुणी घरात दुःख झालेल्या माणसाला ‘सगळी माया आहे’ असं सुनावतं. साक्षी दुःख पुसत नाही. दुःख होतं आणि ते कळतं, एवढंच. शिवाय, आपण स्वतःपासून तुटलोय, आजूबाजूचं सगळं खोटं वाटतंय आणि त्याची भीती वाटतेय, असं सतत होत असेल तर तो साक्षात्कार समजून बसू नका. मानसोपचारात या अवस्थेला डीपर्सनलायझेशन म्हणतात आणि त्यासाठी डॉक्टरांना भेटणंच योग्य.

खुद्द महाराजांनी संसार सोडला नव्हता. १९३७ मध्ये ते घर सोडून भटकायला निघाले, पण पुढच्या वर्षी परतले आणि पुन्हा दुकान सांभाळू लागले. घशाच्या कर्करोगाने ८ सप्टेंबर १९८१ रोजी ते गेले. ‘तुम्ही नाव-रूप नाही’ असं पाहुण्यांना ठणकावणाऱ्या या माणसाच्या माळ्यावर गुरूंच्या तसबिरीपुढे रोज टाळ वाजत, भजन-आरती होई.