फाइलीची पहिली अक्षरे

आमच्या शाळेच्या १९९४ च्या स्नेहसंमेलनाची व्हीएचएस कॅसेट एका माजी विद्यार्थ्याने संगणकावर उतरवून मला पाठवली. नावापुढे डॉट एमपीफोर. मी ती मोठ्या हौसेने संकेतस्थळावर चढवायला गेलो, तर उत्तर आले, "ही फाइल व्हिडिओ नाही." मनात चर्र झाले. आमचे दिवंगत चित्रकलेचे सर त्यात आहेत आणि कॅसेट आता बुरशीने गेली आहे.

नातवाने फाइल नोटपॅडमध्ये उघडली. सगळा अगम्य चिन्हांचा चिवडा, पण अगदी आरंभी दोन अक्षरे स्वच्छ, पी आणि के. "आजोबा, ही झिप आहे. नुसतं नाव बदललंय."

पीके म्हणजे फिल कॅट्झ. १९८९ साली झिप आणणारा हा माणूस २००० साली, सदतिसाव्या वर्षी गेला. त्याची आद्याक्षरे मात्र अजून जगभर फिरताहेत. विंडोजच्या एक्झी फाइलीही अशाच एमझेडने सुरू होतात. ती मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्कींची. (आमच्याकडे तांब्याभांड्यांवर नावे घालतात, त्यातलाच प्रकार!)

नावावर जाऊ नये, आत डोकवावे, ही युक्ती जुनी. युनिक्समध्ये १९७३ सालीच 'फाइल' नावाची आज्ञा होती. आरंभीची ठरावीक अक्षरे पाहून ती फाइलीची जात सांगे. अशा खुणांना मॅजिक नंबर म्हणतात. इयन डार्विन यांनी १९८६-८७ च्या सुमारास तिची मुक्त आवृत्ती लिहिली, ती लिनक्सवर आजही चालते.

डॉस-विंडोजवाल्यांनी मात्र शेपटावर भिस्त ठेवली, आणि विंडोजने तर तेही लपवले. ४ मे २००० रोजी प्रेमपत्राच्या नावाने एक फाइल ईमेलमधून पसरली. दिसायला डॉट टीएक्सटी, पुढचे डॉट व्हीबीएस झाकलेले. ज्यांनी ती उघडली त्यांचे फोटो तिने पुसून त्या जागी स्वतःच्या प्रती ठेवल्या. कुणाची लग्ने, कुणाची बारशी गेली असतील.

व्हिडिओची पारख जरा अवघड. १९९२ च्या एव्हीआयच्या डोक्यावर 'आरआयएफएफ' असते, पण वेव्ह ध्वनिफाइलीवरही तेच. नवव्या अक्षरापासून पुढे वाचावे तेव्हा उलगडा होतो. एमपीफोरमध्ये पाचव्यापासून 'एफटीवायपी', पण तेही नुसत्या गाण्याच्या फाइलीत सापडते. शिवाय शिक्का खोटाही मारता येतो. म्हणून आत चित्राचा माग आहे का ते शोधून, एखादी चौकट प्रत्यक्ष उलगडून पाहावी लागते.

नातवाने शेपूट बदलून झिप केले. आत खरा व्हिडिओ होता, 'एफटीवायपी'सकट. सर त्यात दीडेक मिनिट दिसतात, पाठमोरे, पडद्याची दोरी ओढताना.