इन-इअर हेडफोन (मध्यम किमतीचे)

कानाच्या नळीत रबराचे किंवा फोमचे बोंड बसवून गाणे ऐकण्याचे साधन. दुकानदार त्याला इअरफोन म्हणतो, घरात सगळे सरसकट हेडफोन म्हणतात, हौशी मंडळींत आयईएम हे नाव चालते. कानाच्या बाहेरच्या खोलगटात नुसते टेकणारे जुने चपटे इअरफोन यात धरत नाहीत, कारण त्यांनी नळी बंद होत नाही. नळी बंद होणे हेच या साधनाचे लक्षण आहे आणि निवडीतले बहुतेक प्रश्न तिथूनच निघतात. मध्यम किंमत म्हणजे या नोंदीपुरते 2,000 ते 10,000 रुपये. गाणे खिशातल्या म्युझिक प्लेअरवर किंवा त्याचे काम करणाऱ्या फोनवर वाजते, असे गृहीत धरले आहे.

उदाहरणासाठी ऐकणारा केळझरचा घेतला आहे. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले हे गाव नागपूर-वर्धा रस्त्यावर, नागपूरहून सुमारे 50 किलोमीटरवर आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी सिद्धिविनायक इथला, आणि भीमाने बकासुराला मारले ती एकचक्रानगरी हीच, अशी आख्यायिका. हेडफोन निवडताना मात्र आख्यायिकेपेक्षा रस्ता महत्त्वाचा. शिक्षणासाठी, नोकरीसाठी इथला माणूस एकतर वर्ध्याला जातो नाहीतर नागपूरला, आणि गाणे ऐकायला त्याला सलग वेळ मिळतो तो एसटीतच. वस्तू घ्यायची तर नागपूरच्या बर्डीवर जायचे, नाहीतर ऑनलाइन मागवायची. दोन्हीकडे अडचण एकच. कानात घालायची वस्तू दुकानदार सहसा कानात घालून पाहू देत नाही, आणि ऑनलाइन तर तो प्रश्नच नाही. म्हणजे चपलेसारखी मापाची असलेली ही वस्तू माप न घेताच विकत घ्यावी लागते.

इतिहास थोडक्यात असा. सोनीचा वॉकमन 1 जुलै 1979 रोजी जपानमध्ये विक्रीला आला आणि चालता-फिरता एकट्याने गाणे ऐकण्याची सवय जगाला लागली. पण त्याच्यासोबतचे हेडफोन कानावर टेकणारे, स्पंजाच्या गादीचे होते. कानाच्या नळीत शिरणारे साधन आधी श्रवणतपासणीच्या आणि ध्वनिसंशोधनाच्या कामाचे होते. अमेरिकेतल्या एटिमोटिक कंपनीने 1991 मध्ये ईआर-4 आणला, तेव्हा ते गाणे ऐकणाऱ्याच्या हाती आले. 1995 च्या सुमारास रंगमंचावरचे गायक-वादक स्वतःचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून कानाच्या साच्यातून बनवलेले इन-इअर वापरू लागले. आयपॉड 2001 चा. त्याच्या पांढऱ्या इअरफोनने बोंडाविनाची जातच काही वर्षे लोकप्रिय ठेवली.

आपल्याकडे मधला टप्पा वेगळाच होता. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर मेमरी कार्ड द्यायचे आणि दहा-वीस रुपयांत गाणी भरून घ्यायची. भीमगीते, भजने, लावण्या, हिंदी सिनेमा असे सगळे एकाच कार्डात. ती गाणी बहुधा 128 केबीपीएस किंवा त्याहून कमी दर्जाच्या एमपी3 फायली असत. ही गोष्ट इथे नोंदवण्याचे कारण असे, की तीच कार्डे अजून अनेकांकडे आहेत, आणि चांगला हेडफोन लावला की त्या फायलींमधली झांज पाण्यात बुडाल्यासारखी ऐकू येते. दोष हेडफोनच्या माथी मारला जातो. 3,000 रुपये खर्च करण्याआधी आवडीची वीस गाणी चांगल्या प्रतीत मिळवावीत. तेवढ्याने फरक कळतो आणि कधी कधी हेडफोनचे पैसे वाचतात.

वर्धा हा कापसाचा जिल्हा. थंडीच्या पहाटे शेतावर निघालेला म्हातारा कानात कापसाचा बोळा घालतो, अत्तराचा शौकीन फाया ठेवतो. वारा अडतो, वास टिकतो, पण आवाज फारसा अडत नाही, कारण कापसाच्या तंतूंमधून हवा ये-जा करते आणि हवेबरोबर आवाजही. हेडफोनच्या बोंडाचे तसे नाही. ते नळीच्या भिंतीला सगळीकडून चिकटले तर आतली हवा कोंडली जाते आणि हेडफोनमधल्या पडद्याच्या हालचालीचा दाब थेट कानाच्या पडद्यावर येतो. बारीकशी फट राहिली तर सगळ्यात आधी जातो तो खर्ज. डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, उरते ती चाटीची टकटक, आणि माणूस म्हणतो, या हेडफोनला बेसच नाही. पुढे तो जास्त बेसवाला, जास्त महागाचा मागवतो, आणि त्याच्याही बोंडाला फट राहते.

म्हणून प्रस्तुत नोंदकाराचे मत स्पष्ट आहे: मध्यम किमतीत निवड आधी बोंडाची करावी, मग यंत्राची. बहुतेक कंपन्या डब्यात लहान, मध्यम, मोठी अशी तीन मापे देतात. पुष्कळ जण मध्यम माप लावून मोकळे होतात आणि बाकीच्या दोन जोड्या खणात जातात. डावा-उजवा कान एका मापाचा असतोच असे नाही, तेव्हा दोन कानांत दोन मापे घालण्यात काही वावगे नाही. बसवण्याची रीत अशी: एका हाताने कानाची वरची कड मागे-वर ओढायची, दुसऱ्या हाताने बोंड आत सरकवायचे आणि कान सोडून द्यायचा. नीट बसले असेल तर स्वतःचे बोलणे मडक्यातून आल्यासारखे ऐकू येते. फोमचे बोंड आधी चिमटीत दाबून बारीक करावे लागते, मग ते आत हळूहळू फुगते. आवाज अडवण्यात ते सिलिकॉनपेक्षा सरस असते, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांवर गेला की घामाने ते लवकर खराब होते आणि काही महिन्यांत बदलावे लागते. सिलिकॉन धुता येते. एप्रिल-मेपुरते सिलिकॉन आणि हिवाळ्यात फोम, असा सोपा तोडगा आहे.

यंत्राबद्दल जाहिरातींत सर्वांत जास्त लिहिलेले असते आणि त्यातले थोडेच कामाचे असते. मुख्य जाती दोन. डायनॅमिक ड्रायव्हर म्हणजे लहानग्या लाउडस्पीकरसारखा पडदा. बॅलन्स्ड आर्मेचर म्हणजे श्रवणयंत्रांतून आलेली बारीक पट्टीची रचना. पहिल्याचा खर्ज भरदार असतो, दुसरी चिमुकली असते आणि स्वर नेमका सुटा करते, असे ढोबळपणे म्हणतात. डब्यावर ‘एका कानात पाच ड्रायव्हर’ असे लिहिलेले पाहून भुलू नये. पाच वादक बसवले म्हणून मैफल जमत नाही; ते एकमेकांशी जुळवलेले असावे लागतात, आणि ते काम 5,000 रुपयांत एका चांगल्या ड्रायव्हरवर सहज साधते. गेल्या काही वर्षांत चीनमधल्या मूनड्रॉप, सेव्हनहर्ट्झ, ट्रुथइअर अशा कंपन्यांनी हे दाखवून दिले. 2022 मध्ये 20 डॉलरच्या आसपास विकल्या जाणाऱ्या त्यांच्या वायरवाल्या जोड्या जुन्या पाचपट किमतीच्या मालाशी स्पर्धा करू लागल्या. त्यामुळे मध्यम किमतीचा खालचा काठ आता बराच भक्कम आहे. 10,000 च्या पुढे पैसे वाढतात तेवढा आवाजाचा दर्जा वाढत नाही.

जुळवणी म्हणजे कोणता स्वरपट्टा किती उचलायचा याचा हिशेब. माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब. एका बाजूने बंद बासरीसारखी ती स्वतःच 3,000 हर्ट्झच्या आसपासचे सूर फुगवते. बोंडाने नळी बंद केली की हे नैसर्गिक फुगणे बिघडते, आणि ते हेडफोनला आपल्या बाजूने परत घालावे लागते. हर्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांच्या चाचण्या घेऊन लोकांना कोणती जुळवणी पटते याची वक्ररेषा काढली. आज अनेक उत्पादक त्या रेषेच्या आसपास राहतात. ती रेषा मुख्यतः पाश्चात्त्य रेकॉर्डिंगांवर तपासलेली आहे, हे मात्र लक्षात ठेवावे.

आपल्या कानाची कसोटी वेगळी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (1909–1968) भजनपरंपरेत खंजिरी हेच मुख्य वाद्य. तिच्या झांजांचा आवाज वरच्या पट्टीत असतो. ज्या हेडफोनमध्ये 6,000 ते 8,000 हर्ट्झच्या आसपास उगाच उंचवटा आहे, त्यावर खंजिरी दहा मिनिटांत कानशिलावर सुई टोचल्यासारखी वाटते. ज्यात तो पट्टा दाबला आहे, त्यावर ती पत्र्याच्या डब्यासारखी. तीच गोष्ट ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांची: भजनात ते शिट्टीसारखे येत असतील तर तो हेडफोन परत करावा. तंबोऱ्याची जवारी ही दुसरी कसोटी. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये गायकाच्या मागे तंबोरा सतत गुंजत असतो. आवाज उंचावल्यावरही तो ऐकू येत राहिला तर मधला पट्टा स्वच्छ आहे. खोली आणि विस्तार तपासायचा तर ‘सैराट’ (2016) मधली अजय-अतुल यांची गाणी चांगली, कारण त्यांतला वाद्यवृंद अमेरिकेतल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित झाला आहे. डीजेच्या रिमिक्सवर पारख करू नये. तिथे खर्ज आधीच फुगवलेला असतो आणि त्यावर कोणताही हेडफोन पास होतो.

विजेचा भाग फार गूढ नाही. डब्यावर दोन आकडे पाहावेत, ओहममधला अवरोध आणि संवेदनशीलता. म्युझिक प्लेअरसाठी 16 ते 32 ओहम ठीक. संवेदनशीलता दर मिलिवॅटला 105 डेसिबल असेल तर 85 डेसिबलच्या, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या आवाजाला मिलिवॅटचा शंभरावा भाग पुरतो. त्यामुळे ‘अँप लागेल’ हा सल्ला या किमतीत बहुधा विक्रेत्याच्या सोयीचा असतो. उलट भीती सुरसुरीची: फार संवेदनशील हेडफोन आणि स्वस्त प्लेअर एकत्र आले की शांत जागेत आलापाच्या मागे तेल तापल्यासारखा चर्र आवाज येतो. प्लेअरचा स्वतःचा अवरोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा ठोकताळा आहे. 16 ओहमच्या हेडफोनला 2 ओहम किंवा त्याहून कमी. अनेक आर्मेचर असलेल्या हेडफोनमध्ये हा नियम मोडला तर जुळवणीच बदलते.

वायर की ब्लूटूथ, हा वाद आयफोन 7 ने 2016 मध्ये 3.5 मिमीचे भोक काढले तेव्हापासून चिघळला आहे. सोनी, फिओ यांच्या म्युझिक प्लेअरांवर ते भोक अजून आहे, आणि प्लेअर घेणाऱ्याने वायरवालाच घ्यावा असे आमचे मत. सीडीचा प्रवाह सेकंदाला 1,411 किलोबिटचा. ब्लूटूथने आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतींपैकी साधी एसबीसी साधारण 328 पर्यंत आणि एलडॅक जास्तीत जास्त 990 पर्यंत जाते. हा फरक एसटीत ऐकू येईल असे नाही. खरे कारण बॅटरीचे आहे. कानातल्या वायरलेस मण्यांची इवलीशी बॅटरी काही वर्षांत थकते आणि ती बदलून मिळणे अवघड. वायर तुटली तर नवी लावता येते, मात्र ती काढता-घालता येणारी, दोन पिनांची किंवा एमएमसीएक्स जोडणीची हवी. वायर कानावरून मागे घेऊन घालावी, म्हणजे सदऱ्यावर घासल्याचा खरखराट कानात येत नाही. ब्लूटूथच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते: आवाजविरोधी आवाज निर्माण करणारी एएनसी सोय बसच्या इंजिनाच्या जाड घरघरीवर बोंडापेक्षा चांगली चालते, कारण बोंड मुख्यतः वरचे आवाज अडवते.

हा बसचा गोंगाटच कानाचा शत्रू, कारण त्यावर मात करायला माणूस आवाज चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाने आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ऐकायला हरकत नाही. दर 3 डेसिबल वाढीला मुदत निम्मी होते. जाऊन-येऊन रोज तीन तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर 18 तास होतात. 80 वर ते सहज बसतात. 85 वर मुदत साडेबारा तासांची, म्हणजे सोमवारपासून मोजले तर शुक्रवारी पहिल्या अर्ध्या तासातच ती संपते. 90 वर फक्त 4 तास, दुसऱ्याच दिवशी हिशेब बंद. चांगल्या बसलेल्या बोंडाने बाहेरचा गोंगाट 20 डेसिबलच्या आसपास घटला तर 90 वर जाण्याची गरजच राहत नाही. बोंडावर खर्च करण्याचे आणखी काय कारण हवे?

मात्र जे बोंड गोंगाट अडवते ते हॉर्नही अडवते. दुचाकीवर आणि महामार्गाच्या कडेने चालताना ते कानात नको. सेलू तालुक्यातच बोर व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे. रानडुकरे आणि रोही राखायला रात्री शेतावर जागलीला जाणाऱ्याने निदान एक कान मोकळा ठेवावा. अशा कामाला कानाच्या खोलगटात टेकणारा जुना, दोनशे रुपयांचा चपटा इअरफोनच बरा.

निगा फारशी लागत नाही. आवाज एका कानात हळूहळू बारीक होत गेला तर हेडफोन बिघडला असे समजून फेकू नये. हेडफोनच्या तोंडाच्या जाळीत कानाचा मळ बसलेला असतो. बोंड काढावे, जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने हलके झटकावे. टाचणी घालू नये, पाणी लावू नये. सिलिकॉनचे बोंड साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण सुकल्यावरच परत लावावे. वायर प्लेअरभोवती करकचून गुंडाळली की जोडणीपाशी तुटते. सैल वेटोळे करून एखाद्या झाकणाच्या डबीत ठेवावी. तंबाखूची रिकामी डबी मापाला बरोबर येते, फक्त ती आधी धुऊन घ्यावी.