अमेरिकेच्या खेड्यातलं छोटं लुथेरन चर्च : वर्षभराचे गावकार्यक्रम आणि त्यामागची मेहनत

आपल्याकडं गावाचं वर्ष जत्रा, पोळा, हरिनाम सप्ताह आणि दिवाळी यांवर चालतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आयोवा, नॉर्थ डकोटा या शेतीच्या राज्यांत बऱ्याच खेड्यांचं वर्ष तिथल्या लुथेरन चर्चवर चालतं. मका आणि सोयाबीनचा हा पट्टा. वस्ती विरळ, घरं शेतात लांब लांब, हिवाळ्यात सगळीकडं बर्फ. अशा ठिकाणी चर्चमध्ये रविवारी उपासना तर होतेच, पण हंगामाप्रमाणं अख्ख्या गावासाठी कार्यक्रमही होतात. त्यासाठी चर्चचा सभासद असावं लागत नाही. हे कार्यक्रम कोणते, ते कसे चालतात आणि आज अडचण काय आहे, त्याची ही माहिती.

लुथेरन म्हणजे कोण?

जर्मनीतले धर्मगुरू मार्टिन ल्यूथर यांनी ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी चर्चच्या चुकीच्या प्रथांविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. त्यातून प्रोटेस्टंट चळवळ उभी राहिली. ल्यूथर यांची शिकवण मानणारे ते लुथेरन. एकोणिसाव्या शतकात जर्मनी, नॉर्वे आणि स्वीडनमधून हजारो शेतकरी कुटुंबं अमेरिकेत गेली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं जमीन कसून तिथंच राहणाऱ्याला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळू लागली. वस्ती झाली तशी चर्चही उभी राहिली.

भारतात लुथेरन धर्मप्रचारक १७०६ साली तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला उतरले. आज गुंटूर आणि रांची भागात त्यांच्या मोठ्या मंडळ्या आहेत. महाराष्ट्रात संख्या कमी असल्यानं आपल्या कानावर हे नाव फारसं पडत नाही.

वसंत : सूप आणि बियाण्याची प्रार्थना

ईस्टरच्या आधीचा ४० दिवसांचा काळ उपवासाचा आणि आत्मपरीक्षणाचा. या काळात दर बुधवारी संध्याकाळी उपासना आणि त्याआधी साधं जेवण असतं. मोठ्या पातेल्यात सूप, सोबत पाव. घरोघरी पाळी लावून दिलेली असते.

ईस्टरनंतरचा पाचवा रविवार पेरणीच्या सुमारास येतो. त्याला रोगेशन रविवार म्हणतात. शेतकरी घरचं बी आणि शेतातली माती चर्चमध्ये आणतात. पाळक त्यावर प्रार्थना करतात, काही ठिकाणी तर शेताच्या बांधावर जाऊनच प्रार्थना होते. पाऊस वेळेवर पडावा, पीक हाती यावं, एवढंच मागणं. मृगाआधी आपल्याकडं बी-बियाण्याला हळदकुंकू लावतात, त्यामागची भावना वेगळी नाही.

उन्हाळा : मुलांचा आठवडा

जून-जुलैमध्ये शाळेला सुट्टी असते. तेव्हा लहान मुलांसाठी साधारण आठवडाभराची बायबल शाळा भरते. गोष्टी, गाणी, हस्तकला, खेळ आणि खाऊ. आईबाप शेतात गुंतलेले असताना मुलं एका जागी सुरक्षित राहतात, हाही फायदा. आपल्याकडच्या चर्चमध्ये मे महिन्यात अशीच शाळा घेतात. याच दिवसांत एखाद्या संध्याकाळी अंगणात टेबलं मांडून आइस्क्रीम आणि घरी भाजलेले पाय यांचा कार्यक्रम होतो. पाय म्हणजे फळांचं सारण भरलेला गोड पदार्थ.

सुगी : सगळ्यात गर्दीचा काळ

सप्टेंबरमध्ये एक रविवार श्रमदानाचा. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लुथेरन संस्थेनं २०१३ पासून तो देशभर सुरू केला. बाग साफ करणं, म्हाताऱ्यांच्या घराची डागडुजी, गरजूंसाठी धान्याची पाकिटं भरणं अशी कामं त्या दिवशी होतात.

४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिस यांचा दिवस. त्या सुमारास बऱ्याच चर्चमध्ये प्राण्यांना आशीर्वाद देतात. कुत्री-मांजरं, कोंबड्या, घोडेसुद्धा येतात. ३१ ऑक्टोबरला चर्चच्या आवारात गाड्यांच्या डिक्क्या सजवून मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटतात. रात्री अंधारात घरोघर फिरायची गरज राहत नाही.

नॉर्वेकडून आलेल्या लोकांच्या चर्चमध्ये सुगीनंतरचं मोठं जेवण म्हणजे लुटफिस्क. वाळवलेला कॉड मासा क्षाराच्या पाण्यात भिजवून फुगवायचा, पुढं कित्येक दिवस साध्या पाण्यात ठेवून क्षार काढायचा, मग शिजवून वितळलेल्या लोण्याबरोबर वाढायचा. वास उग्र. सोबत लेफ्से, म्हणजे बटाटा आणि मैद्याची तव्यावर भाजलेली पातळ पोळी. तिकीट लावून पंगती उठतात, लांबून लोक येतात आणि त्या पैशातून चर्चचा वर्षाचा बराच खर्च भागतो.

हिवाळा : जिवंत गोठा आणि गोधड्या

नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवत जातात. काही चर्च उघड्यावर येशूजन्माचा देखावा करतात. त्यात मेंढ्या, गाढव शेजारच्या शेतकऱ्याचं आणि योसेफ-मरिया गावातलीच पोरं. झाडाच्या फांद्यांना लोकरीचे हातमोजे, टोप्या अडकवून ठेवतात आणि नंतर त्या गरजू मुलांना देतात.

बर्फामुळं बाहेरची कामं थांबली की बायका चर्चच्या तळघरात जमून जुन्या कपड्यांच्या गोधड्या करतात. माप साधारण ६० बाय ८० इंच. आपल्यासारखे धावदोऱ्याचे बारीक टाके न घालता त्या जागोजागी गाठी मारून पक्क्या करतात. या गोधड्या १९४५ साली स्थापन झालेल्या लुथेरन वर्ल्ड रिलीफ या संस्थेमार्फत युद्ध, भूकंप, दुष्काळानं उघड्यावर पडलेल्या देशांतल्या लोकांपर्यंत जातात.

पैसा आणि माणसं

बऱ्याच जेवणांना तिकीट नसतं. दाराशी डबा ठेवतात, ज्याला जमेल तेवढं टाकावं. कधी अंगतपंगत असते, प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो. थ्रायव्हेंट ही लुथेरन मंडळींनी उभी केलेली आर्थिक संस्था सभासदांना सेवाकार्यासाठी २५० डॉलरपर्यंत सुरुवातीची रक्कम देते. बाकी सगळं फुकटच्या मेहनतीवर.

आणि अडचण तिथंच आहे. शेतं मोठी होत गेली, कुटुंबं कमी झाली, पोरं शहरात गेली. त्या सगळ्यात मोठ्या संस्थेचे १९८८ साली सुमारे ५२ लाख सभासद होते, आज ते ३० लाखांच्या आत आहेत. दोन-तीन खेड्यांच्या चर्चला मिळून एकच पाळक, असं आता सर्रास दिसतं. पातेली उचलणारे हात सत्तरीकडं झुकलेत. चर्च बंद पडलं की उपासना जाते, तसं गाव एकत्र बसण्याची शेवटची जागाही जाते. शाळा आणि दुकान बऱ्याच ठिकाणी त्याआधीच गेलेलं असतं.

तरी टिकलेल्या चर्चनी काही साध्या गोष्टी केल्या. कामाची पाळी लिहून भिंतीवर लावली. शेजारच्या दुसऱ्या पंथाच्या चर्चबरोबर जेवणं आणि मुलांची शाळा एकत्र घेतली. मासा भिजवायचं, पोळी लाटायचं काम म्हाताऱ्यांनी पोरांना हाताखाली घेऊन शिकवलं. सप्ताहाच्या महाप्रसादाला वाढपी कमी पडू लागलेल्या आपल्या गावांनाही हे करता येण्यासारखं आहे. पोरगं दिवाळीला गावी आलं की आधी त्याच्या हातात वाढायची बादली द्यावी, फोटो नंतर काढता येतील.