गेलेले आणि राहिलेले : युक्रेनच्या स्थलांतराची कहाणी

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी आक्रमण केले, तेव्हा अवघ्या काही आठवड्यांत लक्षावधी माणसे पोलंड, रुमानिया, स्लोव्हाकिया व हंगेरी यांच्या सीमा ओलांडून गेली. परंतु परदेशाची वाट युक्रेनियन माणसाला नवी नव्हती. ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा इतिहास पाहिल्याखेरीज या प्रदीर्घ युद्धाने उभा केलेला राजकीय पेच नीट उमगणार नाही, असे आम्हांस वाटते.

पहिले स्थलांतर पोटासाठी झाले. ऑस्ट्रियाच्या अमलाखालील गॅलिशियात १८४८ साली वेठबिगारी संपली. पण वाटणीवाटणीने शेताचे तुकडे पडत गेले आणि शेतकरी कर्जात बुडाला. १८९१ साली इव्हान पिलिपिव व वासिल एलेन्याक हे दोन शेतकरी कॅनडात पोहोचले. तेथे १० डॉलर भरून १६० एकर जमीन मिळू शकत होती. १९१४ पर्यंत सुमारे १,७०,००० युक्रेनियन कॅनडात गेले. १९१२ साली निकिता बुडका हे त्यांचे पहिले बिशप म्हणून तेथे आले. मात्र पहिले महायुद्ध पेटताच ज्या साम्राज्याच्या दारिद्र्यातून ही माणसे निसटली होती, त्याच साम्राज्याचे प्रजाजन म्हणून ती 'शत्रू' ठरली. त्या काळात कॅनडाने ८,५७९ जणांना छावण्यांत डांबले. त्यांत बहुसंख्य युक्रेनियन होते. देश सोडला तरी देशाचे राजकारण माणसाला सोडत नाही, हा त्यांना मिळालेला पहिला धडा.

दुसरा धडा अधिक कठोर होता. १९४५ साली याल्टा येथे झालेल्या करारानुसार जर्मनी व ऑस्ट्रियात अडकलेल्या सोव्हिएत नागरिकांना परत पाठविण्यास सुरुवात झाली. अनेकांना बळजबरीने नेण्यात आले. तरीही सुमारे दोन लाख युक्रेनियन निर्वासित छावण्यांत राहिले. तेथे त्यांनी शाळा काढल्या, वृत्तपत्रे चालविली, धर्मग्राम उभारले, आणि पुढे ते कॅनडा, अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथे विखुरले. मायदेशी मार्च १९४६ मध्ये ल्विव्ह येथे सोव्हिएत सत्तेने सभा भरवून तेथील ग्रीक कॅथोलिक ख्रिस्तसभा विसर्जित करविली. तिचे प्रमुख योसिफ स्लिपी हे १९४५ पासून १९६३ पर्यंत बंदिवासात होते. १९८९ साली ही ख्रिस्तसभा पुन्हा कायदेशीर होईपर्यंत मायदेशात ती भूमिगत राहिली. तिची उघड उपासना चालली ती परदेशांत. गेलेल्यांनी राहिलेल्यांचा ठेवा जपला.

२०२२ नंतरच्या स्थलांतराचे रूप मात्र वेगळे आहे. युद्ध लांबत गेले तसे सुमारे साठ लाख युक्रेनियन परदेशी राहिले. युरोपीय संघाने २००१ साली केलेला, पण कधीच न वापरलेला तात्पुरत्या संरक्षणाचा नियम ४ मार्च २०२२ रोजी प्रथम लागू केला आणि पुढे त्याची मुदत मार्च २०२७ पर्यंत वाढविली. दुसरीकडे, लष्करी कायद्यामुळे १८ ते ६० वयाच्या बहुतेक पुरुषांना देश सोडण्यास मनाई झाली. त्यामुळे गेले ते प्रामुख्याने स्त्रिया व मुले. सीमा कुटुंबाच्या मधूनच गेली.

राज्यकर्त्यांचा पेच येथेच आहे. सैन्याला माणसे हवीत म्हणून एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचे वय २७ वरून २५ वर आणले गेले, आणि परदेशांतील लढण्याच्या वयाच्या पुरुषांना वकिलातींच्या बऱ्याच सेवा नाकारण्यात आल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये १८ ते २२ वयाच्या तरुणांना मात्र बाहेर जाण्याची मुभा मिळाली. एक दार घट्ट करावे, तर दुसरे सैल करावे लागते. निवडणुकीचेही तेच. लष्करी कायद्याच्या काळात निवडणूक घेता येत नाही. आणि घ्यायची झाली तरी परदेशांत पांगलेल्या लक्षावधींचे मतदान कसे व्हावे, हा प्रश्न उरतोच. इकडे मुले जर्मन वा पोलिश शाळांत रुळत गेली. युद्धाचे प्रत्येक वर्ष परतीची वाट लांबवीत गेले.

या लोकांना परत कसे आणावे? १९४५ चा इतिहास सांगतो की, बळजबरीने आणलेली माणसे देशाची होत नाहीत, आणि न आलेली माणसे देशाला मुकतातच असे नाही. २०२५ साली युक्रेनने दुहेरी नागरिकत्वाला मान्यता देणारा कायदा केला, तो या दिशेने टाकलेला शहाणपणाचा पाऊल-ठसा आहे. तथापि एक फरक विसरता येणार नाही. पूर्वी परदेशांतील युक्रेनियनांनी भाषा, उपासना व स्मृती जपली. पण उद्ध्वस्त शहरे पुन्हा बांधणे, शेते नांगरणे, शाळा भरविणे ही कामे दुरून होत नाहीत. म्हणून भूमी किती राखली याबरोबरच, त्या भूमीवर राहावयास कोण परतले, याही प्रश्नाने या युद्धाचा निकाल मोजावा लागेल. परतणाऱ्या आईला सुरक्षित छप्पर, मुलाला शाळा आणि घरात बाप, एवढे जे राज्य देऊ शकेल, त्यालाच तिला 'ये' म्हणण्याचा अधिकार राहील.