बँक बुडाली तर? भारतातील ठेव विम्याचा इतिहास आणि घरचा हिशोब

घरखर्चाचे अंदाजपत्रक मांडताना आपण उत्पन्न, खर्च आणि बचत असे तीन रकाने आखतो. बचतीच्या रकान्यात बहुतेक कुटुंबे "बँकेत ठेवले" एवढेच लिहितात आणि विषय तिथे संपवतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने बँकेतील ठेव म्हणजे आपण बँकेला दिलेले कर्ज असते. ते परत मिळाले नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशाला टप्प्याटप्प्याने मिळाले. प्रत्येक टप्प्यापूर्वी कोणाची तरी आयुष्यभराची पुंजी अडकली होती. तो इतिहास या पाठात पाहू.

१. विम्यापूर्वीचा काळ

१९०६ मध्ये मद्रासची आर्बथनॉट अँड कंपनी ही नावाजलेली ब्रिटिश पेढी बुडाली. त्यानंतर आपली स्वतःची बँक हवी या भावनेतून १९०७ मध्ये इंडियन बँक उभी राहिली. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक बंद पडली. त्याच वर्षी मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात संपली. १९३८ मध्ये दक्षिणेत त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक कोसळली.

बँका अशा एकाएकी का कोसळतात? वसाहतीचा ट्रान्सफॉर्मर निवडताना सगळ्या घरांतील सगळी उपकरणे एकाच क्षणी चालू असतील असे आपण धरत नाही. बँकेचे गणितही तसेच असते. ठेवींचा थोडा भाग रोख ठेवून बाकी रक्कम कर्जाऊ दिली जाते. अफवा उठली आणि सगळे ठेवीदार एकाच दिवशी रांगेत उभे राहिले, तर चांगली बँकही अडचणीत येते. रांगेत पहिला असलेल्याला पैसे मिळतात, शेवटचा रिकाम्या हाताने घरी जातो. म्हणून प्रत्येकजण पहिला होण्यासाठी धावतो.

२. १९६० चा धक्का

बंगालमधील बँका संकटात आल्यावर १९४८ मध्ये ठेव विम्याची कल्पना पुढे आली. १९५० मध्ये ग्रामीण बँकिंग चौकशी समितीने तिला पाठिंबा दिला, तरी दहा वर्षे काही घडले नाही. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि आपल्याकडे अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. पलाई ही केरळातील मोठी बँक होती, त्यामुळे तिच्या पडझडीचे पडसाद संसदेत उमटले.

२१ ऑगस्ट १९६१ रोजी ठेव विमा महामंडळाचे विधेयक संसदेत मांडले गेले आणि १ जानेवारी १९६२ पासून कायदा लागू झाला. अमेरिकेने महामंदीनंतर १९३३ मध्ये अशी व्यवस्था आणली होती. तिच्यानंतर राष्ट्रीय पातळीवर ठेव विमा आणणारा भारत हा दुसरा देश ठरला. विम्याचा हप्ता ठेवीदाराने नव्हे तर बँकेने भरायचा, हे तत्त्व तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

सहकारी बँका मात्र सुरुवातीला या छत्राबाहेर होत्या. १९६८ च्या दुरुस्तीने त्यांना दार उघडले आणि राज्यांनी आपापले कायदे बदलले तसतशा त्या आत आल्या. १९७८ मध्ये ठेव विमा महामंडळ आणि पतहमी महामंडळ एकत्र होऊन आजची संस्था तयार झाली.

३. मर्यादेची चढती पायरी

एका ठेवीदाराला एका बँकेमागे मिळणाऱ्या संरक्षणाची मर्यादा अशी वाढत गेली:

१९६२ – १,५०० रुपये
१९६८ – ५,००० रुपये
१९७० – १०,००० रुपये
१९७६ – २०,००० रुपये
१९८० – ३०,००० रुपये
१९९३ – १ लाख रुपये
२०२० – ५ लाख रुपये

पहिल्या अठरा वर्षांत मर्यादा चार वेळा वाढली. १९९३ नंतर मात्र ती जवळजवळ २७ वर्षे जागची हलली नाही. या काळात पगार, घरांच्या किमती आणि निवृत्तीच्या वेळी हाती येणाऱ्या रकमा कितीतरी वाढल्या. कागदावर संरक्षण तेवढेच राहिले, प्रत्यक्षात ते झिजत गेले.

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ही झीज सर्वांना दिसली. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येत होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा ५ लाख झाली.

दुसरा दोष वेळेचा होता. बँक निर्बंधाखाली असली तरी दिवाळखोरीत निघेपर्यंत विम्याची रक्कम मिळत नसे. औषधपाणी, मुलांची फी थांबत नाही, पैसा मात्र वर्षानुवर्षे अडकून पडे. १ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने असे निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद केली. पंजाब अँड महाराष्ट्र बँक जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण ५ लाखांच्या वरची रक्कम १० वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत द्यायची ठरली. साठीच्या ठेवीदारासाठी याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

४. घरच्या हिशोबात याचा उपयोग

(अ) ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतात. ४,८०,००० च्या ठेवीवर ४०,००० व्याज साचले असेल, तर २०,००० रुपये विम्याबाहेर राहतात.

(आ) एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांमधील बचत, चालू, मुदत आणि आवर्ती ठेवी एकत्र मोजल्या जातात. शाखा बदलून संरक्षण वाढत नाही, बँक बदलून वाढते.

(इ) संयुक्त खाते हे वैयक्तिक खात्यापेक्षा वेगळे मानले जाते. नावांचा क्रम बदलला तर तेही वेगळे धरतात. त्यामुळे पती, पत्नी, पती-पत्नी आणि पत्नी-पती अशा चार खात्यांना एकाच बँकेत प्रत्येकी ५ लाखांचे संरक्षण मिळू शकते.

(ई) पतसंस्था ही बँक नव्हे. गावातील ओळखीची माणसे, दारात येणारा पिग्मी एजंट आणि एक-दोन टक्के जास्त व्याज यामुळे तिथे पैसा सहज जातो. पण पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू नाही. ठेवण्यापूर्वी हा फरक घरातील सर्वांना, विशेषतः ज्येष्ठांना, समजावून सांगावा.

विचार करा

निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे १८ लाख रुपये आहेत. सर्व रक्कम त्यांच्या एकट्याच्या नावावर एका सहकारी बँकेत मुदत ठेवीत आहे. आज त्यातील किती रक्कम विम्याखाली आहे? ती संपूर्ण सुरक्षित करण्याच्या दोन वेगवेगळ्या योजना मांडा. उत्तर काढताना साचणारे व्याज विसरू नका. मग हाच तक्ता आपल्या घरच्या ठेवींसाठी तयार करून पाहा.